दुसऱ्याच मेसेजला

कादंबरी सगळ्यांना आवडली होती, एक ब्रिजिट आंटी सोडून.

त्या वर्षी त्या कादंबरीनं मराठीत नुसता धुमाकूळ घातला होता. आवृत्तीवर आवृत्ती निघत होती आणि जो तो दुसऱ्याला 'शेवट सांगू नकोस हं' असं बजावत फिरत होता. आमच्याकडे मस्कतला ती आली मेधाताईंच्या भावाच्या बॅगेतून, भाजणी आणि गोड्या मसाल्याच्या मधोमध दबून. आखातात मराठी पुस्तक असंच येतं, वजनकाट्यावरून. जाडजूड कादंबरी आणायची तर तेवढी चकली मागे ठेवावी लागते, आणि बहुतेक घरांत चकलीच जिंकते. म्हणून एकदा आलेली प्रत आमच्या वाचनकट्ट्यात घरोघर फिरते. माझ्या हाती आली तोवर तिच्या पानांना हळद, कॉफी आणि कुणाच्या तरी डोक्याचं तेल, अशा तिन्हींचा वास येत होता.

गोष्ट थोडक्यात अशी. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीचा खून होतो. खुनी तिचा फोन स्वतःजवळ ठेवतो आणि गावाकडे तिच्या आईला रोज मेसेज करत राहतो. 'जेवले', 'कामात आहे', 'पुढच्या महिन्यात येते'. आईला वाटतं मुलगी मजेत आहे. तक्रार होत नाही, म्हणून तपासही होत नाही. शेवटी एक हुशार पोलिस अधिकारी ते जाळं उलगडतो आणि आई हंबरडा फोडते. तिथे पुस्तक संपतं.

शुक्रवारी दुपारी मेधाताईंच्या मस्कतमधल्या अझैबा भागातल्या घरी कट्टा भरला. मेधाताई पुण्याच्या. कट्टा त्यांनीच सुरू केलेला, त्यामुळे अध्यक्षीय भाषण, सूत्रसंचालन आणि आभार ही तिन्ही खाती त्यांच्याकडेच. त्यांनी एकेकाला बोलतं केलं. लेखकाचं डोकं काय अफाट आहे, शेवटपर्यंत संशय येत नाही, असं सगळ्यांनी आळीपाळीनं सांगितलं. मीही 'गुंता छान सोडवलाय' वगैरे काहीतरी म्हणाले. मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा तपासून मार्क द्यायची खोड आहेच.

शेवटी ब्रिजिट आंटींची पाळी आली. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"पुस्तक खाली ठेवावंसं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण खोटं आहे."

"खोटं म्हणजे? कादंबरीच आहे ती," मेधाताई म्हणाल्या.

"तीन आठवडे रोज मेसेज येतात आणि आईला कळत नाही म्हणे! आईला दुसऱ्याच मेसेजला कळतं."

"अहो, पण कळलं तर ती बोंब नाही का मारणार? मग कादंबरी पहिल्या प्रकरणातच आटोपली."

"नाही मारत बोंब. कळतं, आणि तरी ती उत्तर देते. 'जेवलीस का' विचारते, 'सांभाळून राहा' म्हणते. देतच राहते. ते लेखकाला माहीत नाही. ते लिहिलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, ह्या माणसानं खरं पुस्तक लिहिलं."

"पण का देईल उत्तर?" मी विचारलं.

"ते मलाही अजून कळलेलं नाही," असं म्हणून त्यांनी बशीतलं बिस्किट उचललं. मेधाताईंनी चहाची वेळ झाली नसतानाही चहा आणला.

ब्रिजिट आंटी वसईच्या, भुईगावच्या. कट्ट्यावर नव्यानं येणारं प्रत्येक माणूस त्यांच्या बाबतीत तीच चूक करायचं. नाव ब्रिजिट, गळ्यात क्रूस, म्हणून सुरुवात हिंदीत. "आंटी, आप मराठी समझती हैं?" आंटी शांतपणे म्हणायच्या, "थोडीफार. शाळेत मराठीच्या पेपरात माझा पहिला नंबर असायचा. तुमचा कितवा?" समोरचा ओशाळला की लगेच त्याच्या हातावर सुकेळं ठेवायच्या. वसईची ती वाळवलेली केळी त्या दर रजेहून पिशवीभर आणत. "आमच्या चर्चात देवसुद्धा मराठीच ऐकतो," असं त्या म्हणत, आणि हे सांगताना त्यांच्या स्वरात मेधाताईंसाठी थोडा टोमणा असे.

अल् खुवैरमधल्या एका ठेकेदार कंपनीत त्या सेक्रेटरी होत्या. वीसेक वर्षं तीच कंपनी, तोच अर्बाब म्हणजे मालक, खिडकीजवळचं तेच टेबल. लग्न केलं नव्हतं. आईवडील केव्हाच वारले होते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली त्यांची आणि दुसरीत कुणी ना कुणी नोकरी करणारी मुलगी भाड्याला. मस्कतमध्ये कोथिंबीर आणायलासुद्धा गाडी लागते, आणि आंटींना गाडी येत नव्हती. मी दोन गल्ल्या सोडून राहायची, त्यामुळे कट्ट्याला जाता-येता त्यांना घेऊन जाणं माझ्याकडे लागलं होतं. "तू चालव, मी बाजूला बसून ब्रेक दाबते," म्हणायच्या, आणि खरंच दाबायच्या. माझ्या गाडीतलं त्या बाजूचं पायपुसणं टाचेखाली झिजलं होतं.

वाचायच्या फक्त रहस्यकथा. पण खुनी ओळखायचा खेळ त्या कधी खेळल्या नाहीत. "खून कुणी केला ते पोलिसांनी बघावं, त्यांना पगार मिळतो. आपण बघायचं, मेलेलीच्या घरी त्या दिवशी काय रांधलं होतं." हुशार अधिकाऱ्याचं नाव त्या दुसऱ्या दिवशी विसरत. पहिल्या पानावर मेलेली बाई मात्र वर्षानुवर्षं त्यांच्या लक्षात राही, नावासकट, साडीच्या रंगासकट. आम्ही आपल्या गाडीनं चाललोय, भाजीच्या भावाबद्दल बोलतोय, आणि मध्येच त्या म्हणायच्या, "तिची चप्पल दारातच राहिली असेल नाही गं?"

"कुणाची आंटी?"

"ती शालिनी. विहिरीत सापडली ती."

शालिनी ही चार वर्षांपूर्वी वाचलेल्या कुठल्याशा पुस्तकातली असायची. पण त्या असं काही बोलल्या की मी नकळत मागच्या सीटकडे बघायची. मी विचारलं होतं एकदा, एवढं कशाला लक्षात ठेवता. तर म्हणाल्या, "लेखक मेलेल्या माणसाला पहिल्या पानावर विसरतो बाय. मग आठवण कुणी ठेवायची? वाचकानंच की." मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

आता माझं सांगते. मी नागपूरच्या बौद्ध घरातली. 'आपल्या घरात देव्हारा नाही, त्यामुळे भूतही नाही,' असं माझे वडील म्हणायचे आणि ते मला आजही पटतं. तरी एका दुपारी सिग्नलला थांबलो असताना आंटींच्या मांडीवरच्या पर्समध्ये फोन वाजला. त्यांनी काढला तो त्यांचा नेहमीचा नव्हता. गुलाबी कव्हरचा, एका कोपऱ्यात काच तडकलेला. पडद्यावर नाव होतं 'आई'.

त्याआधी पाचच मिनिटं त्या मला सांगत होत्या की पितरांच्या दिवशी इथल्या चर्चात आईच्या नावानं मिस्सा सांगितला आहे.

"आंटी, आईचा मेसेज?"

"हो."

"पण तुमच्या आई तर…"

"माझी आई भुईगावच्या दफनभूमीत आहे," त्या म्हणाल्या. "ही दुसरी."

मग त्यांनी चष्मा लावला, एका बोटानं हळूहळू काहीतरी टाइप केलं आणि फोन पर्समध्ये ठेवून खिडकीबाहेर बघत बसल्या. सिग्नल हिरवा झाल्याचं मला मागच्या गाडीच्या हॉर्ननं कळलं.

ही गोष्ट मी मनातून काढून टाकली होती. कादंबरीवरचं त्यांचं मत ऐकलं आणि ती परत वर आली.

त्या डिसेंबरात आम्हा सगळ्यांना सोहारच्या वाटेवर खाबुऱ्याला कुणाच्या तरी अर्बाबच्या शेतावर जेवायला बोलावलं होतं. माझा नवरा आणि मुलगी दुसऱ्या गाडीतून पुढे गेली. आंटी माझ्याबरोबर. खाबुरा जवळ आलं तशा त्या रस्त्याच्या कडेकडे बघू लागल्या. हायवेला एका ठिकाणी म्हणाल्या, "जरा हळू घे." मी वेग कमी केला. त्यांनी काच खाली केली. बाहेर काही नव्हतं. सपाट माळ, दोन-तीन बाभळीसारखी झाडं, कुंपणाची तार. त्या झाडांकडे बघून आंटी अगदी घरातल्या आवाजात म्हणाल्या, "सुवर्णा, ही वर्षा. शाळेत शिकवते. गाडी बरी चालवते." आणि काच वर केली. "यल्ला, चल आता."

मी निघाले नाही. गाडी कडेला घेऊन बंद केली. ऊन लख्ख होतं, गाड्या सूंसूं जात होत्या.

"आंटी, आता सांगा," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं ते असं. सुवर्णा राजापूरकडची. हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी, आंटींच्या दुसऱ्या खोलीत राहायची. वय पंचविशीचं, जीभ तिखट, आंटींच्या चालण्याची नक्कल करणारी. तीन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी हॉटेलातल्या मैत्रिणींबरोबर सोहारला निघाली आणि घाईत फोन घरीच चार्जिंगला विसरली. इथे, ह्या झाडांपाशी, गाडी उलटली. दुपारी इस्पितळातून आंटींना ती गेल्याचं कळवलं. त्या सुन्न होऊन तिच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या तेव्हा फोन वाजला. 'आई: पोचलीस काय गो?'

आंटींनी मुंबईला सुवर्णाच्या भावाला फोन लावला. विलास त्याचं नाव. तो आधी रडला, मग म्हणाला, "आंटी, आईचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालंय. डॉक्टर म्हणाले, धक्का बसता कामा नये. शरीर येईपर्यंत तिला काही कळू देऊ नका. सुवर्णाच्या फोनवरून काहीतरी लिहा."

आखातात हे नवीन नाही. इथे माणूस जातो तेव्हा गावाला आधी 'सीरियस आहे' एवढंच कळवतात. खरी बातमी पेटीबरोबर पोचते. त्याला इथे कुणी खोटं बोलणं म्हणत नाही, रीतच आहे ती. आंटींनी लिहिलं, 'पोचले आई. काळजी करू नको.'

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, 'काय जेवलीस?'

"मी खूप विचार केला," आंटी म्हणाल्या. "त्या दिवसांत सुवर्णा मटण सोडायची, एवढं मला ठाऊक होतं. बाकी तिचं जेवण हॉटेलातच व्हायचं, ती काय खाते ते मी कधी बघितलं नव्हतं. आमच्यात उपासाच्या शुक्रवारी मटण चालत नाही, मासळी चालते. म्हणून मी मुद्दाम जपून लिहिलं, 'कोळंबीची आमटी आणि भात.'"

मी श्रावण पाळत नाही. पण नागपुरात ज्या गल्लीत वाढले तिथे पाळणारे शेजारी होते. मी आंटींकडे बघितलं.

"आंटी, श्रावण होता का तेव्हा?"

"तुला लगेच कळलं. मला कळायला वर्ष लागलं. पुढच्या साली ऑफिसात रत्नागिरीच्या एका पोराला मी कोळंबी वाढायला गेले, तर तो दचकला. आंटी, श्रावण आहे, मासळीसुद्धा नाही! मी घरी येऊन तारखा बघितल्या. ती माउली श्रावणात पोरगी कोळंबी खाते हे वाचून बसली होती. आणि माहितेय काय उत्तर दिलं होतं? पुष्कळ वेळानं दिलं होतं. 'बरं केलंस. पोटभर जेव.'"

विलासनं मुंबईतच अंत्यसंस्कार उरकले. मग म्हणाला, अजून थोडे दिवस. मग म्हणाला, आता कसं सांगू आंटी, मीच खोटा पडेन, चालू राहू दे. मग त्यानं आंटींचे फोन घेणंच बंद केलं. मेसेज चालू राहिले.

"तीन वर्षं झाली, वर्षाबाय. तिनं एकदाही 'फोन कर' म्हटलं नाही. 'आवाज ऐकव' म्हटलं नाही. रजेवर कधी येतेस विचारलं नाही, फोटो मागितला नाही. सांग, कुठली आई असं करते? तिला माहीत आहे. मला माहीत आहे की तिला माहीत आहे. आणि रोज संध्याकाळी आम्ही एकमेकींना जेवलीस का विचारतो."

त्यांनी गुलाबी फोन माझ्या हातात दिला. मला घ्यायचा नव्हता, पण घेतला. बहुतेक साधेच मेसेज होते, पाऊस, गाय, शेजारणीची सून. मधूनच एखादा असा यायचा की अंगावर काटा उभा राहावा. 'तुझे गुडघे कसे आहेत?' एका पंचविशीच्या मुलीला विचारलेलं. गुडघे दुखायचे ते आंटींचे. खाली उत्तर होतं, 'आता बरे आहेत आई.' आणखी एकदा आंटींनी सहज लिहिलं होतं, 'मागच्या फणसाला यंदा किती आले?' सुवर्णानं त्यांना कधी फणसाचं सांगितलं नव्हतं, तो प्रश्न कुठून सुचला ते त्यांना कळलं नव्हतं. आईनं फणसांचा आकडा कळवला होता.

"कोकणात फणस नसलेलं एक परसू दाखवा मला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"तेही खरंच," आंटी म्हणाल्या.

सगळ्यांत शेवटचा मेसेज आदल्या रात्रीचा होता. 'हल्ली तू स्वप्नात येत नाहीस. तिकडे काम फार आहे काय गो?' त्याला आंटींनी उत्तर दिलं नव्हतं.

"काय लिहू ह्याला?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी साठीची झाले. कंपनी आता व्हिसा वाढवणार नाही, मार्चला माझं इथलं खलास. जायच्या आधी एकदा राजापूरला जाणार. तिच्यासमोर बसून तोंडानं सांगणार. सुवर्णा त्या दिवशीच गेली, हे सगळं मी लिहिलं, मला माफ कर. आणि हा फोन तिच्या हातात देणार. एवढं झालं की मी सुटले."

मला त्यांची फार दया आली आणि थोडी भीतीही वाटली. शेतावर जेवताना त्या सगळ्यांशी नेहमीसारख्या हसत होत्या. मी मात्र माझ्या मुलीला दिवसभर नजरेआड होऊ दिलं नाही.

फेब्रुवारीत त्या आठवड्याभराच्या रजेवर गेल्या. जायच्या आधी सुवर्णाच्या फोनवरून त्यांनी लिहिलं, 'ब्रिजिट आंटी तुला भेटायला येतायत.' उत्तर आलं, 'येऊ दे. सांभाळून ये म्हणावं.' त्या परत आल्या तेव्हा विमानतळावर मीच घ्यायला गेले. दुपार होती. गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला, आणि पाय ब्रेकच्या जागी ठेवला.

"भेटल्या का?" मी विचारलं.

"सुवर्णाच्या वहिनीनं दार उघडलं. विलासची बायको, वैशाली, ती गावीच असते. आत गेले. भिंतीवर दोन फोटो होते. एक सुवर्णाचा. त्याच्या बाजूला आईचा. दोन्हींना हार."

मी गाडी बाजूला घेतली.

"आई गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरच गेली. पावसाळा गेला, नाताळ गेला. आणि मी तिथे गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा मला तिचा मेसेज आला होता. घर सापडलं ना, असा."

म्हणजे खाबुऱ्याच्या रस्त्यावर मी वाचलं ते स्वप्नाचं वाक्य त्या बाईंचं नव्हतं. त्याच्या कितीतरी आधी त्या गेल्या होत्या.

वैशालीनं त्यांना सगळं सांगितलं होतं. सुवर्णाची बातमी गावात पहिल्या आठवड्यातच पोचली होती. सगळं गाव आईसमोर गप्प बसलं आणि आईही गावासमोर गप्प बसली. शेवटच्या दुखण्यात तिनं सुनेला जवळ बोलावून फोन तिच्या हातात दिला. म्हणाली, "ती बाई तिकडे एकटी आहे. माझ्या पोरीच्या जवळ शेवटी तीच होती. तिला उत्तर देत जा. मी गेले ते कळवू नको हां, तिला धक्का बसेल."

एवढं सांगून आंटी ढसाढसा रडल्या. मीही रडले. कट्ट्यावर मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, आणि ते ऐकायला त्या थोड्या उशिरा पोचल्या होत्या. ज्या एका माणसाची माफी मागायची होती त्यानं माफ करून, वर काळजीही करून, कधीच निरोप घेतला होता.

"वैशाली घाबरलीय गं," डोळे पुसून त्या म्हणाल्या. "म्हणते, मेसेज वाजला की माझ्या तोंडून 'आले हां बाळा' निघतं. मी जन्मात कुणाला बाळा म्हटलं नाही. लिहायला बसले की आपोआप सुचत जातं. ते स्वप्नाचं कुणी लिहिलं विचारलं, तर म्हणाली, बोटं माझीच होती, पण मला ठाऊक नाही. मला यातून सोडवा म्हणाली, आणि हा दिला."

त्यांनी पर्समधून एक काळा, जुना फोन काढला. आईचा.

"वाटेत सगळं परत वाचून काढलं. आई कुठे संपते आणि सून कुठे सुरू होते ते शोधत होते. तारीख माहीत आहे मला. तरी सांधा दिसत नाही. आयुष्यभर रहस्यकथा वाचल्या, वर्षाबाय, आणि एवढं साधं सापडत नाही."

माझ्यातली विज्ञानाची बाई तेव्हा जागी झाली. माणसाला दुसऱ्याचं लिहिणं उचलता येतं, सवयीनं सगळं जमतं, यात अमानवी काही नाही, असं मी त्यांना समजावलं. दोन्ही फोन बंद करा, सिम काढून टाका, वैशालीशी हवं तर आपल्या नावानं बोला, म्हटलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"करायलाच हवेत बंद," त्या म्हणाल्या. "आता उरलंच कोण."

मार्चच्या एका सकाळी मी त्यांना कायमचा निरोप द्यायला विमानतळावर नेलं. कट्ट्यानं आदल्या शुक्रवारी समारंभ केला होता, मेधाताई त्यात चक्क रडल्या होत्या आणि आभार मानायचे विसरल्या होत्या. इतक्या वर्षांचं सामान दोन बॅगांत बसलं होतं. आंटी प्रसन्न दिसत होत्या. मी विचारलं, फोन बंद केले ना? "हो हो," म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस, जेवण वेळेवर घे." मला मिठी मारली, कपाळावर क्रूसाची खूण केली, मी ती करू दिली, आणि त्या आत गेल्या.

मी लगेच निघाले नाही. काचेशी उभी राहिले. बॅगा देऊन झाल्यावर त्या समोरच्याच एका बाकावर बसल्या, चष्मा लावला आणि पर्समधून दोन्ही फोन काढून मांडीवर ठेवले. मला वाटलं, सिम काढतायत. त्यांनी गुलाबी फोन उचलला, एका बोटानं काहीतरी लिहिलं आणि खाली ठेवला. काळ्या फोनचा पडदा उजळला. तो त्यांनी लगबगीनं उचलला, डोळ्यांपाशी नेऊन वाचला, हट्टी पोरीला आवरताना हलवावी तशी मान हलवली आणि उत्तर लिहू लागल्या. चेहऱ्यावर अशी काळजी होती की मी तो चेहरा त्यांचा म्हणून ओळखला नसता. लिहून झालं. काळा फोन खाली गेला, गुलाबी उजळला. आंटींनी तो हातात घेतला, आलेलं वाचलं, आणि तोंडावर हात ठेवून पंचविशीच्या मुलीसारख्या खुदकन हसल्या.